किल्ले वाळत घालणारा माणूस

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला मी ज्या घरात भाड्यानं राहत होते, त्या घराच्या अंगणात किल्ले वाळत घातलेले असत.

खोटं सांगत नाही. साड्या वाळत घालतात तसे. एका दोरीवर तटबंदी, दुसऱ्या दोरीवर दगडी कमान, आणि पेरूच्या झाडाला टेकवून ठेवलेले दोन बुरुज. त्यातल्या एकावर मांजर. शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली म्हणून मी नागपूरहून बॅग घेऊन आले होते. कुणीतरी सांगितलेल्या पत्त्यावर फाटक ढकललं, तर कोपरापर्यंत राखाडी रंगात बुडालेला एक सडसडीत माणूस तटबंदीला चिमटे लावत होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं,

"किल्ला पायजे का महल?"

मी म्हटलं, "खोली."

"खोली वर हाय." त्यानं दातात धरलेला चिमटा काढून दोरीला लावला. "पक्की हाय. तिले मांगून बी भिंत हाय."

भाड्याच्या खोलीची इतकी प्रामाणिक जाहिरात मी त्याआधी ऐकली नव्हती आणि त्यानंतरही नाही. त्याच दिवशी राहायला गेले.

माणूस मंडप-डेकोरेशनवाला. पण साधा मंडप, झालर, खुर्च्या असली कामं तो नाइलाजानं करायचा. त्याचा जीव किल्ल्यांत. लग्नाचं प्रवेशद्वार असो, नवरात्रातल्या झांकीचा देखावा असो की कुणा पुढाऱ्याच्या स्वागताची कमान, तो बांबूचा सांगाडा उभा करायचा, त्यावर कापड ताणायचा आणि कापडावर दगड काढलेले असायचे. एकेक दगड हातानं, स्पंजानं ठिपके मारून. दगडांच्या फटींत शेवाळ. शेवाळात एखादं पिंपळाचं रोप. अख्खा गाव त्याला किल्लेदार म्हणायचा. त्याची बायको मात्र, "किल्लेदार आंघोळीले गेले, पान्याचा गंज उतरवा," अशा सुरात म्हणायची.

दगड किती हुबेहूब असत याचा एक पुरावा देते. एका लग्नात नवरदेवाचे आजोबा उभं राहून थकले आणि जरा टेकावं म्हणून तटाला पाठ लावली. तट त्यांना घेऊन आत गेला. आजोबा पलीकडे, पुऱ्या लाटणाऱ्या बायांच्या ऐन मधोमध निघाले. एका बाईच्या हातातलं लाटणं तसंच वर राहिलं. किल्लेदार तिथंच उभा होता. अत्यंत अदबीनं म्हणाला, "बाबाजी, इकडून नाई, समोरून."

आजोबा धोतराला लागलेलं पीठ झटकत म्हणाले, "अबे, किल्ला हाय का चाळणी?"

आता, अशा माणसाला किल्ला म्हणजे काय हे ठाऊक असणारच असं आपल्याला वाटतं. त्याला ठाऊक होतंच, पण आपल्यासारखं नाही. त्याच्या डोक्यात या शब्दांची पक्की वाटणी होती. संध्याकाळी अंगणात खाट टाकून बसला की तो ती सांगायचा.

"राजा भ्याला का किल्ला बांधते. मालगुजार भ्याला का गढी बांधते. दोघाईच्या मनात भेवच, फकस्त दगड कमी-जास्त."

"आणि महाल?"

"महल अलग. महल दुसऱ्याले भेववाले बांधते."

"आणि घर?"

"घर म्हंजे जिथं भ्याची गरज नाई." मग हात झटकून, "थे म्या नाई बांधत. थे मिस्त्री बांधते."

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली बायको मान वर न करता विचारायची, "अन् बायको भ्याली का मंग काय बांधते?"

"बायको भेत नाई. म्हून तं तिच्यासाठी काई बांधलं नाई."

"ऐका मॅडम! लगनापासून याच उत्तरावर संसार चालून राह्यला."

ही वाटणी वर्षानुवर्षं सुरळीत चालली असावी. मग गावात कॅसल आला.

एका राइस मिलवाल्याच्या नातवाचा वाढदिवस होता. मिलवाल्याचा मुलगा मोबाइल नाचवत अंगणात आला आणि म्हणाला, "काका, कैसल चाहिए. कैसल थीम."

"म्हंजे किल्लाच ना?"

"नहीं काका. किला तो पुराना होता है. कैसल मतलब..." त्यानं हवेत दोन्ही हात फिरवले, "कैसल. पिंक में."

"गुलाबी?" किल्लेदाराचा आवाज चिरकला. "भरवेलीच्या खाणीत काळा दगड निघते. गुलाबी कोन्या खाणीतून काढू?"

"फोटू भेज देता हूँ."

तो गेल्यावर जिन्यावर काठी आपटत किल्लेदार वर आला. दारातच उभा राहिला. भाडेकरूच्या खोलीत तो कधी पाऊल टाकत नसे. "मॅडम, तुमी इंग्रजी शिकवता. कॅसल म्हंजे काय थे सांगा. पूर्ण सांगा, हातचं राखू नका."

मास्तरणीला असं कुणी विचारलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी चहा बाजूला ठेवला आणि सुरू झाले. म्हटलं, त्यांच्याकडचे सरदार-दरकदार त्यातच राहत, म्हणून ते घरही असतं आणि किल्लाही. बुद्धिबळातल्या आपल्या हत्तीला कितीतरी लोक कॅसल म्हणतात. समुद्रकाठी पोरं वाळूचा करतात, त्यालाही कॅसलच. कुणी रिकामं बसून मनोराज्य करू लागला, तर म्हणतात हा हवेत कॅसल बांधतोय. आणि त्यांची एक म्हण आहे, की ज्याचं त्याचं घर हा ज्याचा त्याचा कॅसल. झोपडी असली तरी. राजालासुद्धा विचारल्याशिवाय आत पाय टाकता येत नाही.

हत्ती, वाळू, हवा हे सगळं त्यानं माशी वारावी तसं वारलं. म्हणीपाशी थांबला.

"झोपडी बी?"

"झोपडीसुद्धा."

"अन् खाली दोन खोल्या अन् वर भाडेकरू असन तं?"

"तेही."

"मंग भाडेकरूचा कॅसल कोनता?"

"ही वरची खोली."

त्यानं खाली पाहिलं, वर पाहिलं. "म्हंजे माह्या कॅसलवर तुमचा कॅसल."

"हो."

"अन् पान्याची टाकी एकच," असं म्हणून तो फार गंभीर होऊन जिना उतरला. दुसऱ्या दिवसापासून मला विचारल्याशिवाय त्यानं माझ्या वाट्याचं पाणी कधी बंद केलं नाही. विचारून मात्र करायचा.

कॅसलही त्यानं केला. फोटो पाहून त्याचं मत झालं की यांच्या बुरुजांना टोपी असते, बाकी सगळं तेच. "किल्ल्याले टोपी घातली का कॅसल होते." टोप्या शिवल्या त्याच्या मुलीनं. सुजाता तिचं नाव. या गोष्टीत नावानं ओळखावी अशी तीच एक. दगड तीही काढायची, आणि बापापेक्षा चांगले. बापाचे दगड सगळे सारखे यायचे, सुजाताच्या प्रत्येक दगडाला वेगळा स्वभाव. नर्सिंगचं शिकत होती, पण सुट्टीला आली की आधी हात रंगात.

वाढदिवसाला गुलाबी कॅसलच्या शेजारी दुसराही एक कॅसल आला होता. रबराचा, यंत्रानं हवा भरून फुगवलेला. त्यात पोरं उड्या मारत होती. किल्लेदार त्याच्याकडे सवतीकडे पाहावं तसं पाहत होता. आणि ऐन रंगात लाईट गेली. पंखा घरघरत थांबला आणि रबरी बुरुज आधी एकमेकांना नमस्कार केल्यासारखे वाकले, मग तट बसला, मग छत पोरांवर हळूच, अगदी मायेनं, उतरू लागलं. आयांनी जो आकांत केला! रबरवाला जनरेटर शोधत पळाला. किल्लेदारानं मात्र दोन बांबू उचलले, त्यांच्या टोकांना भराभर चिंध्या गुंडाळल्या आणि आत शिरून छत उचलून धरलं. पोरं सुंदर रांगेत बाहेर आली. एक तर रडलं, "मुझे और कूदना है!"

परत येताना तो म्हणाला, "पह्यले लोक हवेतले इमले फुकट बांधे. आता भाड्यानं आणते."

एकदा आमच्या वॉर्डातल्या लोकांनी बस ठरवली आणि सगळे लांजीचा किल्ला पाहायला गेलो. आता गंमत पाहा, जन्मभर किल्ले बांधणारा हा माणूस खऱ्या किल्ल्यात तोवर कधी गेलाच नव्हता. हंगाम, कामं, राहूनच गेलं होतं. बाकी सगळे दारात उभे राहून मोबाइलनं फोटो काढू लागले. हा सरळ तटाच्या बाजूनं चालत सुटला. कुठं चाललात म्हणून मी मागोमाग गेले. झुडपं तुडवत, काटे काढत तो भिंतीच्या पार मागल्या अंगाला गेला आणि तिथं थांबला. मग त्यानं हात लावला. मग दोन्ही हात लावले.

"मांगून बी दगडच हाय हो, मॅडम."

मला हसू आलं होतं, पण त्याचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

"इथं कोन येऊन पाहणार हाय? कोनीच नाई. तरी त्याईनं दगडच लावला."

बसमध्ये बायकोनं भाकरीचा डबा उघडला आणि विचारलं, "मंग काय बांबू असन असं वाटलं का तुमाले?" सगळी बस हसली. तो हसला नाही.

त्या दगडानं त्याला काहीतरी केलं. पुढच्याच लग्नात त्यानं आपल्या किल्ल्यावर, ऐन कमानीशेजारी, स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी लावली: "यह किला नकली है. कृपया टेकिए मत." वधूपिता धावत आला, घामानं डबडबलेला. "काका, ये बोर्ड किसने लगाया? उतारो! समधी जी पूछ रहे हैं, और क्या-क्या नकली है!"

पाटी उतरली. पण त्याच्या मनावरची उतरली नाही असं मला वाटतं. त्यानंतर कुणी कामाची तारीफ केली की तो "कापड हाय" एवढंच म्हणायचा, एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसं.

त्याची आणखी एक रीत सांगायची राहिली. समारंभ चालू असताना तो कायम किल्ल्याच्या मागं उभा असायचा. पडद्याआड, जिथं बांबूच्या गाठी आणि स्वयंपाकाचा धूर असतो तिथं. हातात एक मोठा दोर. वैनगंगेवरून वारं सुटलं की ताणलेलं कापड नावेच्या शिडासारखं फुगतं आणि अख्खा किल्ला चालू लागतो, म्हणून मुख्य दोर तो स्वतः धरून बसे. दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. समोर सनई, फटाके, फोटो, आणि मागं हा, वाऱ्याकडे तोंड करून. जेवायचाही तिथंच, सगळ्यांच्या शेवटी.

आणि त्यानं एक नियम केला होता. बांधणाऱ्यानं समोरून जायचं नाही. जादूगार प्रेक्षकांत बसतो का, असं तो विचारायचा. हा नियम घरच्यांनाही लागू. बायको, मुलगी, कामाची माणसं, सगळी मागच्या वाटेनं येणार आणि मागच्या वाटेनं जाणार. हा नियम त्यानं केला होता, की कधीकाळी कुठल्या दारात त्याला कुणी करून दिला होता, हे मी त्याला कधी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

सुजाताला गोंदियाच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आणि वर्षभरात तिचं लग्न ठरलं. मुलगा तिकडचाच, शाळेत शिक्षक, बोलायला मऊ. लग्न वॉर्डातल्या विहाराच्या बाजूच्या मैदानात करायचं ठरलं. किल्लेदारानं एका वाक्यात बेत सांगितला.

"चार खांब, पांढरं कापड, झालं. आपलं लगन कितीक वेळाचं? वंदना, हार, जेवण."

सुजाता ओट्यावर नखांतला रंग काढत बसली होती. ती म्हणाली, "मले किल्ला पायजे."

मी जिन्यात होते. दूध घेऊन वर चालले होते, तिथंच थांबले. अशा वेळी पुढं जाणारी माणसं वेगळी असतात.

"किल्ला कायले?"

"पायजे मले."

"खोटा हाय थो, सुजाता."

"खोटा कसा? म्या शिवला."

"कापड हाय. त्याच्यावर दगड काढला हाय. लोकाईले आपन पोटासाठी फसवतो. पोटच्या पोरीले काहून फसवू?"

ती उठून उभी राहिली. "बाबा, लोकाईच्या समद्या पोरी तुमच्या दारातून गेल्या. मिलवाल्याची गेली, ठेकेदाराची गेली, थ्या वकिलाची तं दोनदा गेली. म्या मांगून गेली. दरखेपी पुऱ्याईच्या कढईपासून, अंग चोरून. माह्याच हातचे दगड, अन् समोरून कसे दिसते थे मले मोबाइलवर पाहा लागते. एकदा समोरून जाचं हाय मले. एकदाच."

"थे नकली दार हाय."

"तुमचं काम नकली हाय का? सांगा तसं. म्हंजे म्या सासरी बी तसंच सांगीन, का माहा बाप नकली काम करते."

पेरूवरचं मांजर उतरून गेलं. किल्लेदारानं वर जिन्याकडे पाहिलं. मी आहे हे त्याला आधीपासूनच माहीत होतं. "मॅडम, तुमी समजवा हिले."

मी दुधाची पिशवी घेऊन एक पायरी वर सरकले.

बोलली त्याची बायको. कधी नव्हे ते टोमणा न मारता बोलली. "अहो, पोरीनं दार मागतलं. सोनं नाई मागतलं. देऊन टाका."

"पाहू," तो म्हणाला आणि सायकल काढून निघून गेला.

पुढं काही दिवस तो पहाटेच सायकल काढून निघून जायचा. मग अंगणात बांबू येऊन पडले. नेहमीचे डागाळलेले, वर्षानुवर्षं वापरलेले नाहीत. नवे, हिरवे, एकेक पारखून आणलेले. ते त्यानं घासले, मापात कापले आणि विहाराच्या मैदानात उभे करायला सुरुवात केली. सुजाता जाता-येता पाहायची. बुरुज उठले. कमान उठली, चांगली दणदणीत. वर कंगोरे आले, आणि कंगोऱ्यांमधून झरोके. एरवी कापडाखाली जाणार म्हणून गाठी कशाही मारतात. या वेळी प्रत्येक गाठ एकासारखी एक, सुतळीचं एक टोक बाहेर नाही. वॉर्डातली माणसं कामावर जाताना थांबून विचारायची, "काका, कपडा कवा चढते?" तो वरून "हूं" म्हणायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्याची बायको माझ्याकडे वर आली, डोळ्यांत पाणी. "मॅडम, कापडाचे गठ्ठे घरातच हाय. बांधून ठेवलेले. हात नाई लावून राह्यले हे. उद्या लोक म्हनन, दुनियेले नेसवलं अन् पोरीच्या टायमाले लुगडं सरलं."

सकाळ झाली. कापड चढलं नाही. मैदानात उभा होता नुसता बांबूचा किल्ला. बुरुज, तट, कमान सगळं जिथल्या तिथं, पण उघडं. ऊन त्यातून सरळ पलीकडे जात होतं आणि जमिनीवर रेघांचा दुसरा किल्ला पडला होता. मी हातात फुलांचं तबक घेऊन कमानीत उभी राहिले, कारण वरातीचं स्वागत माझ्याकडे होतं, आणि मनात म्हटलं, आता नाटक.

"राजेगाव सोडलं" असा वाटेतून वरातीचा फोन येऊन गेला आणि काही वेळानं बस आली. बँड वाजला. वरात कोपऱ्यावर वळली, समोर पाहिलं, आणि बँड एकेक वाद्य करत बंद पडला. शेवटी एकटा ढोल, मग तोही.

नवरदेवाचे मामा पुढं आले. सभ्य, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्यांनी सांगाड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काई हरकत नाई, बाई. आमीच लवकर आलो. होऊ द्या तुमचं काम."

"मामा, झालंय काम."

"हौ, हौ. झाल्यासारखंच हाय." मग मागं वळून, "चला रे, निंबाखाली बसा. कपडा चढवाचा हाय त्याईले. पोट्टेहो, दोन जन मदतीले जा."

आणि अख्खी वरात समजूतदारपणे झाडाखाली जाऊन बसली! आमच्या बाजूचं कुणी त्यांना बोलवायला जाईना, कारण आमच्या बाजूलाही मनातून हेच वाटत होतं की कापड राहिलंय. यजमान इकडे, पाहुणे तिकडे, मध्ये उघडा किल्ला. नवरदेव घोड्यावर नव्हता हे बरं, नाहीतर घोडाही अवघडला असता.

तेवढ्यात वरातीतलं एक पोर ओरडलं, "थे पाहा! थो मानूस किल्ल्याले धरून उभा हाय!"

सगळ्यांनी पाहिलं. मीही वळून पाहिलं.

मागं तो उभा होता. नेहमीच्या जागी, नेहमीसारखा वाऱ्याकडे तोंड करून, मुठीत दोर. नवा पांढरा सदरा घातलेला. जन्मभर किल्ल्यांच्या मागं उभं राहिलेल्या त्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं, की कापड नसलं की मागंही नसतं. बांबूंच्या मधून तो अख्खा दिसत होता, पायातल्या नव्या चपलांसकट. पोरं हसली. मोठेही थोडे हसले.

"कोन हाय थे?" मामांनी विचारलं.

"नवरीचे वडील," मी म्हटलं.

हसणं जागच्या जागी थांबलं. मामा उठले, किल्ल्यापाशी आले आणि बांबूंच्या पलीकडे पाहत त्यांनी हात जोडले. किल्लेदार पेचात पडला. नमस्कार करायचा तर दोर सोडावा लागणार. त्यानं दोन्ही मुठी दोरासकट कपाळापर्यंत नेल्या.

तेव्हा सुजाता घरातून निघाली. पांढरी साडी, निळी किनार, गळ्यात काही विशेष नाही. ती मागच्या वाटेनंच आली, बापाच्या बाजूनं गेली, थांबली नाही. तटाच्या कडेनं चालत ती पूर्ण वळसा घालून समोर आली. मला म्हणाली, "मॅडम, सरका जरा," आणि कमानीसमोर उभी राहिली. मग तिनं मान मागं टाकून पाहिलं. खालून वर, बुरुजापासून बुरुजापर्यंत, सावकाश. झाडाखाली बसलेली माणसं एकेक करून उठून उभी राहिली. कापडाची वाट पाहणं आधी कुणी सोडलं ते मला सांगता येणार नाही, पण सोडलं.

"बाबा!" तिनं कमानीतून आवाज दिला. "सोडा थो दोर."

"वारं हाय."

"हाय ना. आरपार जाऊन राह्यलं. त्याले धराले कपडाच नाई."

त्यानं वर पाहिलं. वारं खरंच होतं. निंबाची पानं सळसळत होती, मामांची मिशी हलत होती. किल्ला हलत नव्हता.

त्यानं आधी एक हात काढला. थांबला. मग दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून उघडली, जशी झोपलेल्या मुलाच्या अंगाखालून आपण बोटं काढतो. दोर खाली पडला. सगळे बुरुजांकडे पाहत होते. काही झालं नाही.

"या समोर," ती म्हणाली.

सुजाता आली होती त्याच बाजूनं, तटाला हात लावत लावत, तो वळसा घालून आला. मुलीच्या शेजारी उभा राहिला. आपलंच काम समोरून पाहिलं. मग त्याला यजमानाचं भान आलं आणि तो मामांकडे वळून म्हणाला, "तयारच हाय जी. इतलंच हाय. या."

"बम्म हाय," मामा खुशीत मान डोलावत म्हणाले.

ढोल वाजला. बाप आणि लेक आधी निघाले. कमान त्याच्या डोक्यापेक्षा चांगली दुप्पट उंच होती, त्यानं स्वतः मापलेली. तरी तिच्याखाली पोचला तेव्हा तो वाकला.

सुजाता नाही वाकली.